एक पेटी व एक कागद : तंबाखूच्या उल्लेखाविषयीं

गेल्या वैशाखांत कोपरखैरणें येथील एका जुन्या आगरी घरीं जाण्याचा आम्हांस योग आला. निमित्त एका मोडी कागदाचें होतें. घरच्या मंडळींची समजूत अशी कीं, सदर कागद ठाणें-वसईच्या मुलखांत फिरंग्यांचा अंमल बसण्यापूर्वींचा असून त्यावरून घराण्याची पाटीलकी निर्विवाद प्राचीन ठरते. आम्ही कागद वाचीत असतां यजमानांचे चिरंजीव, जे व्यापारी जहाजावर नोकरीस असतात, ते आंतून एक लांकडी पेटी घेऊन आले व चौरंगावर कागदाशेजारींच ती त्यांनीं ठेविली. पेटींत चिरूट होते आणि झांकणावर डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सांतिआगो शहराचें नांव होतें. योग चमत्कारिक खरा. कारण ज्या एका शब्दावर आमचें वाचन अडलें होतें, तो शब्द 'तंबाखू' हाच होता. पाटलाच्या हक्क-लवाजिम्याच्या यादींत नारळ, विडा व मासळी यांच्या पाठोपाठ 'तंबाखू' हीं अक्षरें स्वच्छ लिहिलेलीं होतीं.

कागदपत्रें जमविणाऱ्यांस या अडचणीचें स्वरूप विस्तारानें सांगावयास नको. वसई व तिच्याखालील मुलूख गुजराथच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांस तहानें दिला तो इ. स. १५३४ मध्यें. कागद जर त्याच्याही पूर्वींचा असेल, तर खाडीकांठच्या एका खेड्यांत पाटलास तंबाखूचा हक्क त्या वेळीं पोंचत होता असें मानावें लागेल. हें संभवतें कीं नाहीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न. पेटींतील चिरुटांनीं त्याचें उत्तर देण्यास थोडी मदत केली, म्हणून त्यांचीही हकीकत सविस्तर देत आहों.

कोपरखैरणें हें आज नव्या मुंबईचें एक गजबजलेलें उपनगर आहे. इ. स. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, पुढें भातखाचरें व मिठागरें जाऊन तेथें विभाग पडले, व इ. स. २००४ मध्यें ठाण्याहून रेल्वेही आली. परंतु मूळ गांवठाण अजून उभें आहे. खाडीच्या पलीकडे ठाणें व साष्टी, दक्षिणेस बेलापूरचा किल्ला, अशा ठिकाणीं हें गांव असल्यामुळें फिरंगी, मराठे व इंग्रज या तिघांचेही व्यवहार त्यानें जवळून पाहिले असले पाहिजेत. जमिनी संपादन झाल्यापासून गांवांतील जुन्या घरांत कागद जपण्याची व शोधण्याची आस्था वाढली आहे. आतां त्या कागदांवर जमिनीचा निकाल होत नाहीं. पण जमीन गेल्यावर घराण्याच्या नांवाला आधार म्हणून कागदच उरतो. यजमानांचा आग्रह आम्हांस समजत होता, व म्हणूनच उत्तर जपून देणें प्राप्त होतें.

तंबाखूची जन्मभूमि अमेरिका खंड, याविषयीं आतां वाद राहिलेला नाहीं. कोलंबस इ. स. १४९२ मध्यें पश्चिमेकडील बेटांस पोंचला, तेव्हां त्यानें क्यूबा बेटाच्या अंतर्भागांत पाठविलेल्या दोघां माणसांनीं तेथील लोक पेटविलेलीं पानें हातांत घेऊन धूर ओढतांना पाहिले. शेजारचें बेट तें हिस्पानिओला. त्याच्या पूर्वभागांत आजचें डोमिनिकन प्रजासत्ताक आहे. तेथील मूळच्या ताइनो लोकांच्या चालीरीतींचें वर्णन ओव्हिएदो या स्पॅनिश ग्रंथकारानें केलें असून त्याचा ग्रंथ इ. स. १५३५ मध्यें छापला गेला. 'तबाको' हें नांव मुळांत वनस्पतीचें नसून ज्या नळीनें धूर ओढीत त्या नळीचें होय, असें तो म्हणतो. दुसरा ग्रंथकार लास कासास हा पानांत पान गुंडाळून केलेल्या सुरळीस तें नांव देतो. दोघांतील खरें कोणाचें याचा निवाडा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. आमच्या कामापुरती गोष्ट एवढीच कीं, ज्या सुमारास आमचा कागद लिहिला गेला असें म्हणतात, त्या सुमारास युरोपांतील विद्वानांसही या पदार्थाचें नांव नुकतेंच कळत होतें.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत धूमपान सांगितलें आहे, व त्यासाठीं वर्ति कशी करावी याचा विधिही दिला आहे. सुगंधी द्रव्यांचा कल्क शराच्या काडीवर लेपावयाचा, अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळें लांब व मध्यें फुगीर अशी जवाच्या आकाराची वर्ति करावयाची, वाळल्यावर आंतील काडी काढून घ्यावयाची, तूप लावून ती पेटवावयाची व धूर ओढावयाचा. वर्णन वाचून कोणाही वाचकाच्या डोळ्यांपुढें चिरूट उभा राहील, आणि अशा साम्यावरून तंबाखू आपल्याकडे पुरातन असल्याचें प्रतिपादणारे लोकही आम्हांस भेटले आहेत. परंतु त्या वर्तींत पडणारीं द्रव्यें चरकानें नांवानिशीं दिलीं आहेत, व त्यांत तंबाखू नाहीं. धूर ओढण्याची कल्पना जुनी, पदार्थ नवा. हा भेद न पाळल्यामुळें बरीच चुकीची विधानें झालीं आहेत.

दक्षिणेंत तंबाखू केव्हां आली याचा सर्वांत ठसठशीत पुरावा विजापूरचा आहे. अकबरानें आपला पुत्र दानियाल याच्या विवाहाच्या कामीं असदबेग यास इब्राहिम आदिलशहाकडे पाठविलें होतें. तो परत आग्र्यास गेला इ. स. १६०४-०५ च्या सुमारास. त्यानें आपल्या वृत्तान्तांत स्वच्छ लिहिलें आहे कीं, विजापुरास आपणांस तंबाखू आढळली. हिंदुस्थानांत तसा पदार्थ पूर्वीं पाहिला नसल्यामुळें आपण ती बरोबर घेतली, आणि रत्नजडित असा सुंदर हुक्का तयार करविला. आदिलशहानें त्यास उत्तम कारागिरीची एक विड्याची पिशवी दिली होती. तीच त्यानें उंची तंबाखूनें भरली व सर्व सरंजाम चांदीच्या तबकांत मांडून बादशहापुढें ठेविला. बादशहानें हें काय म्हणून विचारिलें, तेव्हां खान आझम यानें ही तंबाखू असून मक्का-मदिनेंत सर्वांच्या परिचयाची असल्याचें सांगितलें. अकबरानें दोन-चार झुरके घेतले. हकीमानें हरकत घेतली कीं, या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाहीं, सबब तिचे गुणदोष पारखल्यावांचून ती घेणें बरें नव्हे. असदबेगाचें म्हणणें असें कीं, प्रत्येक रूढि केव्हां तरी नवीनच होती. अकबरानें पुन्हां तिला स्पर्श केला नाहीं, परंतु अमीर-उमरावांनीं ती उचलली आणि व्यापारी विकूं लागले. हकीमाची शंका खोटी नव्हती, हें आज वैद्यकशास्त्रानें पुरतें सिद्ध केलें आहे. पण त्या दिवशीं वादांत तो हरला. पुढें जहांगीरानें इ. स. १६१७ मध्यें तंबाखूस मनाई केली. तिचा परिणाम काय झाला तें आपण पाहतोंच.

या वृत्तान्तांतील विड्याच्या पिशवीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. आमच्याकडील चंची ती हीच. तंबाखू या देशांत आली ती परक्या पेटींत राहिली नाहीं. पान, सुपारी व चुना यांच्या घरांत शिरली. त्यामुळेंच शब्दांचा घोटाळा झाला. 'विडी' हा आजचा शब्द 'विडा' या शब्दाचा भाऊ असून दोघांचें मूळ संस्कृत 'वीटिका' होय, आणि वीटिका म्हणजे नागवेलीच्या पानाची घडी. तेव्हां जुन्या कागदांत 'विडा' आला तर त्यावरून तंबाखू सिद्ध होत नाहीं, हें संग्राहकांनीं नेहमीं ध्यानांत ठेवावें. आमच्या कागदांत मात्र विडा वेगळा व तंबाखू वेगळी लिहिली आहे. तेथें ही पळवाट नव्हती.

मराठींतील जुन्या उल्लेखांकडे वळलें, तर तुकोबांच्या छापील गाथेंत तमाखू ओढणारास कडक शब्दांनीं दोष देणारा अभंग आहे. तुकोबांचें निर्याण शके १५७१ च्या अखेरीस झालें असें धरिलें, तर असदबेगाच्या भेटीनंतर अर्धशतकाच्या आंत देहूसारख्या खेड्यापर्यंत चिलीम पोंचली होती असें होतें. अभंग प्रक्षिप्त नाहीं हें हस्तलिखितांवरून ठरवावयास पाहिजे; पण काल विसंगत नाहीं. पंडितांच्या गोटांतही तिनें लवकरच प्रवेश केला. वैद्यकावरील 'योगरत्नाकर' या ग्रंथांत तमाखूचे गुणदोष आले आहेत. पृथ्वीवर सार तें काय असें इंद्रानें विचारतांच ब्रह्मदेवानें चारही मुखांनीं तमाखूचेंच नांव घेतलें, अशा अर्थाचें विनोदी सुभाषित तर जुन्या शास्त्र्यांच्या तोंडीं असे. संस्कृत ग्रंथांतील असे उल्लेख भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं कष्टानें जमविले. ज्यांस या विषयाची गोडी असेल त्यांनीं त्यांचे निबंध अवश्य पाहावे. एका क्षुल्लक वस्तूच्या मागें लागून कालनिर्णय कसा साधावा याचा तसा दुसरा धडा आम्हांस माहीत नाहीं.

फिरंग्यांच्या राज्यांत तंबाखू ही मोठ्या उत्पन्नाची बाब होती. ब्राझीलांत बाहिया प्रांतीं पिकणारी, काकवी लावून दोरासारखी वळलेली तंबाखू गोव्यास येत असे. तिच्या विक्रीचा मक्ता सरकार देई, आणि हे मक्तेदार पुष्कळदां आपलेच शेणवी व्यापारी असत. लिस्बन येथें तंबाखूच्या कारभारासाठीं स्वतंत्र मंडळ इ. स. १६७४ मध्यें स्थापन झालें, म्हणजे ज्या वर्षीं रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षीं. मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर त्यांच्याही जमेंत तंबाखूचा मक्ता आढळतो. अर्थात् सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही तीरांस तंबाखू परिचित होती यांत शंका नाहीं.

'चिरूट' या शब्दाची वाट मात्र दक्षिणेकडून आहे. तमिळ भाषेंत गुंडाळणें या अर्थाच्या धातूपासून 'सुरुट्टु' हा शब्द झाला. फिरंग्यांनीं तो 'शारुतु' असा घेतला, इंग्रजांनीं 'चेरूट' केला, व आम्ही चिरूट म्हणूं लागलों. आमच्या 'सुरळी' या शब्दाशीं त्याचा ध्वनि जुळतो खरा, पण केवळ ध्वनीवर व्युत्पत्ति उभारण्याचा मोह आवरलेला बरा. तिरुचिरापल्ली हें चिरुटाचें नामांकित ठिकाण, व त्याच्या शेजारीं तंजावर. तेथें व्यंकोजी राजांपासून इ. स. १८५५ पर्यंत भोसल्यांचें राज्य व मराठी दफ्तर होतें. तंजावरच्या मोडी कागदांत सुरुट्टु कोणत्या रूपानें आला आहे, हें तेथील दफ्तर वाचणाऱ्या विद्वानांनीं पाहावें अशी आमची विनंति आहे. तिरुचिरापल्लीचा चिरूट दोन्ही टोंकांस कापलेला असे व त्याची राख ओळखूं येण्याजोगी होती. कॉनन डॉईल यानें इ. स. १८८७ च्या आपल्या पहिल्याच होम्सकथेंत त्या राखेवरून गुन्हेगाराचा माग काढविला आहे.

आतां पेटीकडे येऊं. पेटीचें लांकूड आपल्याकडील तूण वृक्षाच्या कुळांतील असून त्याचा गंध मंद व गोडसर होता. आंत चिरूट एकावर एक अशा रांगांनीं मांडिले होते. चिरंजीव सांतिआगोस स्वतः जाऊन आलेले असल्यामुळें त्यांनीं एक चिरूट धारदार सुरीनें उभा चिरून आम्हांस त्याचें अंतरंग दाखविलें. त्याचे तीन भाग असतात. पोटांत लांब पानांच्या घड्या, त्यांवर त्या आवळून धरणारें एक बळकट पान, आणि सर्वांवर रेशमासारखें तुकतुकीत वेष्टण. पोटांतील पानें एकाच तऱ्हेचीं नसतात. झाडाच्या शेंड्याकडील पान जाड, तीव्र व सावकाश जळणारें, मधलें सुगंधी, बुडाकडचें सौम्य पण चटकन् पेट घेणारें. या तिघांचें प्रमाण ठरविण्यांत कसबी मनुष्याची खरी परीक्षा असते. घडी अशी घालावयाची कीं आंत वाऱ्यास वाट राहावी, नाहीं तर चिरूट ओढला जात नाहीं. आणि वाट फार रुंद झाली तर तो भडकून जळतो. पानें कापावयास हातांत पुठ्ठ्याएवढें अर्धवर्तुळाकार पातें असतें, वळलेला गठ्ठा लांकडी सांच्यांत दाबून ठेवितात, व शेवटीं वेष्टण तिरकस गुंडाळून डोक्यावर त्याच पानाची टोपी वनस्पतीच्या डिंकानें बसवितात. कागद, दोरा, टांचणी कांहीं नाहीं. पोथी बांधणाऱ्याचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या हातांची किंमत कळेल.

हें पीक येतें तें सिबाओच्या खोऱ्यांत. उत्तरेस व दक्षिणेस डोंगरांच्या रांगा, मधून याके देल नोर्ते नदी, व तिच्या कांठीं सांतिआगो. कापणीनंतर पानें वखारींत टांगून वाळवितात. मग त्यांच्या मोठ्या राशी रचून आंबवितात. राशींत उष्णता चढूं लागली कीं ती मोडून वरचीं पानें खालीं व आंतलीं बाहेर करितात, आणि हें पुनःपुन्हां चालतें. त्या वेळीं पानांतून नाक झोंबणारी वाफ निघून जाते व तीव्रपणा मावळतो. त्यानंतरही कित्येक महिने, कधीं वर्षें, पान गोणींत झोंपतें. येथील देशी वाणास 'ओलोर' म्हणजे गंध असेंच नांव आहे. दुसरा प्रसिद्ध वाण क्यूबाहून आलेल्या बीजाचा. वेष्टणाचें पान पुष्कळदां इक्वादोर किंवा उत्तर अमेरिकेंतील कनेटिकट यांसारख्या दूरच्या ठिकाणाहून आणितात, तेव्हां डोमिनिकन म्हणून विकला जाणारा चिरूट अंतर्बाह्य डोमिनिकन असतोच असें नाहीं. आमच्या सरदार घराण्यांच्या वंशावळींसारखाच हा प्रकार.

या धंद्याची थोरवी मात्र फारशी जुनी नाहीं. तेथील 'ला अरोरा' हा कारखाना इ. स. १९०३ मध्यें लेओन हिमेनेस घराण्यानें काढिला. तरी जगांत नांव होतें तें क्यूबाच्या हवाना शहराचें. इ. स. १९५९ च्या क्यूबांतील राज्यक्रांतीनंतर कारखाने सरकारजमा झाले, इ. स. १९६२ मध्यें अमेरिकेनें क्यूबाचा माल बंद केला, आणि देशोधडीस लागलेले कित्येक कसबी व मालक बीज व विद्या घेऊन शेजारच्या बेटांवर व मध्य अमेरिकेंत गेले. आज हातानें वळलेल्या उंची चिरुटांच्या निर्यातींत डोमिनिकन प्रजासत्ताक अग्रेसर गणलें जातें. हवानाच्या कारखान्यांत इ. स. १८६५ पासून एक सुंदर चाल पडली होती: कामकरी चिरूट वळीत बसत आणि त्यांनींच वर्गणी करून ठेविलेला वाचक उंच आसनावरून त्यांस वर्तमानपत्रें व कादंबऱ्या वाचून दाखवी. पोथी लावणाऱ्या आमच्या पुराणिकांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

यजमानांच्या आग्रहास्तव ओटीवर बसून एक चिरूट आम्हीं ओढून पाहिला. आम्ही या व्यसनाचे नव्हे, म्हणून आमच्या मताचें मोल वाचकांनीं बेतानेंच धरावें. धूर छातींत घ्यावयाचा नसतो, तोंडांत घोळवून सोडावयाचा. प्रथम सुक्या लांकडाचा व भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आला. अर्ध्यावर गेल्यावर रुचि भरत जाऊन किंचित् मिऱ्यासारखी तिखट झाली. पुढें कडूपणा लागला तेथें आम्हीं तो ठेवून दिला. राख करड्या रंगाची, बोटभर लांब होईपर्यंत गळली नाहीं. पाऊण तास गेला. त्या अवधींत यजमानांनीं दोन विड्या संपविल्या.

विडीची तुलना येथें टाळतां येत नाहीं. तिच्यांत पान व तंबाखू या दोन वेगळ्या वस्तु आहेत. तंबाखू निपाणीकडची किंवा गुजराथची, पण गुंडाळावयास टेंभुर्णीचें पान. कोंकणांत व घाटावर आपट्याचेंही वापरीत. पान भिजवून, पत्र्याच्या मापानें कात्रीनें कापून, चिमूटभर तंबाखू घालून वळावयाचें, तोंड मुडपावयाचें व बुडाशीं दोरा बांधावयाचा. सिन्नर, सोलापूर, कामठी, गोंदिया येथें हें काम मुख्यतः बायका घरीं बसून करितात, आणि मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. कारागिरी कमी म्हणतां येणार नाहीं. पण सांतिआगोच्या वळणाऱ्याचें कसब पेटीवर छापून मिरवितात आणि सोलापूरच्या बाईचें नांव कोणत्याही कट्ट्यावर नसतें. इ. स. १९६६ चा कायदा विडी व सिगार या दोन्हींच्या कामगारांसाठीं एकच झाला. सोलापुराजवळ कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजारांवर घरें उभीं राहिलीं व इ. स. २००६ मध्यें तीं त्यांच्या हातीं आलीं. आणि निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनीं इ. स. १९८१ मध्यें भावासाठीं मोठें आंदोलन केलें. हे कागदही उद्यांच्या संशोधकांस लागतील. ते आजच कोणी जमवीत असल्यास त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे.

कागदाचा निकाल असा. लिपि धांवती मोडी, पेशवाईच्या मध्यकालच्या वळणाची, कागद हातबनावटीचा. मजकुराचीं वाक्यें व मायने मिश्र आहेत. कांहीं शब्दप्रयोग जुने, कांहीं उघड अलीकडचे. हक्कांच्या यादींत तंबाखू सर्वांत शेवटीं आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. एखाद्या जुन्या कागदाची नक्कल करितांना नकलकारानें त्या वेळीं प्रत्यक्ष पोंचत असलेला हक्क यादीच्या शेवटीं घातला असावा, हा तर्क सर्वांत सरळ. लबाडी केलीच असेल असें धरून चालण्याचें कारण नाहीं. वतनाचे कागद पिढी बदलली कीं पुन्हां लिहिले जात, व लिहितांना चालू वहिवाट त्यांत शिरे. म्हणून प्रस्तुत कागद इ. स. १५३४ पूर्वींचा अस्सल नव्हे, हें निश्चित. त्याचा कांहीं भाग जुन्या अस्सलावरून आला असणें अशक्य नव्हे, पण तें सिद्ध करण्यास दुसरा कागद पाहिजे. इ. स. १७३७-३९ च्या मोहिमेनंतर मराठी अंमलांत हक्कांच्या चौकशा झाल्या, त्या वेळीं तो तयार झाला असावा असा आमचा अंदाज आहे; अंदाजापलीकडे त्यास किंमत देऊं नये.

हें ऐकून यजमान कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे अडीचशें वर्षें तरी आहे ना?" आम्हीं होकार दिला. त्यांच्या वृद्ध मातोश्री दाराआड मिश्री लावीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारिलें कीं, ही मिश्रीही फिरंग्यांनींच आणली काय. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असल्यामुळें त्याही प्रश्नास होय म्हणावें लागलें. त्यांचा विश्वास बसला नाहीं. कागद पुन्हां रुमालांत बांधून पत्र्याच्या डब्यांत गेला. त्याचें छायाचित्र यजमानांनीं आनंदानें घेऊं दिलें. उरलेले चिरूट पेटींतून काढून ती पेटी बाकीच्या कागदांसाठीं वापरावी असा चिरंजीवांचा विचार होता. लांकडाच्या वासानें कसर लागत नसेल, पण तेल कागदास उतरेल, म्हणून तसें करूं नये असें आम्हीं त्यांस सुचविलें.

उत्तर कोंकणांतील शके १५५० पूर्वींच्या कोणत्याही अस्सल मराठी कागदांत 'तंबाखू', 'तमाखू' अथवा 'चिलीम' हे शब्द कोणा वाचकाच्या पाहण्यांत आले असल्यास, कागदाचा ठिकाणा, तिथि व शब्दाच्या मागचीपुढची ओळ इतकें लिहून पाठवावें.